ताकास तूर: ‘डिसेम्बल’ या क्रियापदाविषयी

३१ मे २००५ या दिवशी व्हाइट हाउसमध्ये पत्रकार परिषद झाली. ग्वांतानामोच्या तुरुंगातल्या कैद्यांना मिळणाऱ्या वागणुकीवर अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने सडकून टीका केली होती आणि राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश त्या टीकेला उत्तर देत होते. त्यांचं म्हणणं साधारण असं होतं: हे आरोप करणारे कैदी अमेरिकेचा द्वेष करणारे आहेत आणि त्यांच्यातल्या काहींना ‘डिसअसेम्बल’ करायला शिकवलेलं आहे. ऐकणाऱ्यांच्या सोयीसाठी त्यांनी लगेच अर्थही सांगून टाकला. म्हणजे खरं न बोलणं.

‘डिसअसेम्बल’ म्हणजे यंत्राचे भाग सुटे करणं. त्यांना म्हणायचं होतं ‘डिसेम्बल’. या चुकीवर पुढे पुष्कळ विनोद झाले आणि बुश यांच्या जिभेच्या घसरगुंडीच्या याद्यांमध्ये ती कायमची जाऊन बसली. मला मात्र त्या वाक्यातली दुसरी चूक जास्त बोलकी वाटते, जिच्यावर फारसं कुणी हसलं नाही. शब्द चुकला तसा अर्थही चुकला होता. डिसेम्बल करणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. आतमध्ये जे खरोखर आहे ते चेहऱ्यावर, आवाजात, हातवाऱ्यांत येऊ न देणं आणि समोरच्याला ‘इथे काही लपलेलं आहे’ असा संशयही न येऊ देणं, म्हणजे डिसेम्बल करणं. त्यासाठी एक शब्दही खोटा बोलावा लागत नाही. कधी कधी तर एक शब्दही बोलावा लागत नाही.

हा शब्द आज इंग्रजीत रोजच्या बोलण्यातला राहिलेला नाही. कादंबऱ्यांत, अग्रलेखांत, स्पर्धापरीक्षांच्या शब्दयाद्यांत तो भेटतो. त्याच्या शेजारी ‘प्रिटेंड’, ‘लाय’, ‘हाइड’ असे सोपे, कामसू शब्द असल्यामुळे पुष्कळ लोक त्याला त्यांच्यातच ढकलून देतात. पण हा शब्द नीट समजून घेतला तर इंग्रजी कादंबरीतल्या काही मोठ्या पात्रांकडे बघायची नजर बदलते, आणि आपण आपल्या भाषेत काय बोलत नाही तेही दिसायला लागतं.



मूळ शब्द लॅटिन ‘दिसिमुलारे’. त्याच्या पोटात ‘सिमिलिस’ म्हणजे ‘सारखा’ आहे. ‘सिम्युलेशन’ हा शब्द आपल्याला गेम्स आणि इंजिनिअरिंगमुळे ओळखीचा आहे: नसलेली गोष्ट असल्यासारखी उभी करणं. ‘डिसिम्युलेशन’ ही तिची उलटी बहीण. इंग्रजीत फ्रेंचच्या वाटेने आधी ‘डिसिम्यूल’ असं क्रियापद आलं आणि पुढे ‘रिझेम्बल’सारख्या शब्दांच्या वळणावर जाऊन त्याचं ‘डिसेम्बल’ झालं.

या दोन बहिणींतला फरक रिचर्ड स्टील या निबंधकाराने १७१० मध्ये ‘टॅटलर’ या आपल्या नियतकालिकात एका वाक्यात मांडला होता. त्याचा सारांश असा: नाही ते आहे म्हणून दाखवणं ही एक गोष्ट, आणि आहे ते झाकणं ही दुसरी. मोबाइलच्या भाषेत सांगायचं तर फोटोला फिल्टर लावणं हे सिम्युलेशन आणि ब्लू टिक बंद ठेवणं हे डिसिम्युलेशन. पहिल्यात तुम्ही काहीतरी वाढवता. दुसऱ्यात आहे ते फक्त दिसू देत नाही.

स्टीलच्या आधी जवळजवळ शतकभर, १६२५ मध्ये, फ्रान्सिस बेकनने आपल्या निबंधांच्या वाढवलेल्या आवृत्तीत याच विषयावर एक निबंध लिहिला. बेकन मोठा विचारवंत होता आणि मोठा अधिकारीही होता. १६२१ मध्ये लाच घेतल्याच्या आरोपावरून त्याला पद सोडावं लागलं होतं. लपवाछपवीवर लिहिण्याचा अधिकार त्याच्याइतका कुणाला असणार! तो झाकण्याच्या तीन पायऱ्या सांगतो. पहिली, माणूस मुळात बंद असतो. त्याचा ठाव कुणाला लागत नाही. दुसरी, आपण जे आहोत ते नाही असं वाटेल अशा खुणा तो मुद्दाम सोडतो. तिसरी, आपण जे नाही ते आहोत असं तो ठासून भासवतो.

हे वाचताना मला मराठीतल्या तीन जुन्या बोलण्या एकामागून एक आठवत गेल्या. पहिल्या पायरीवरचा माणूस ‘आतल्या गाठीचा’. दुसऱ्या पायरीवरचा ‘ताकास तूर लागू न देणारा’. आणि तिसऱ्या पायरीवरचा थेट ‘वेड पांघरून पेडगावला जाणारा’. बेकनला ज्या वर्गवारीसाठी निबंध लिहावा लागला ती आपल्याकडे ताक, तूर आणि श्रीगोंदा तालुक्यातलं एक गाव यांच्यावर भागलेली आहे.

बेकनच्या निबंधातलं सगळ्यात सूक्ष्म निरीक्षण पहिल्या पायरीवरून दुसरीवर जाण्याबद्दल आहे. तो म्हणतो की नुसतं गप्प राहून भागत नाही. लोक प्रश्न विचारून घेरतात, बोलतं करायला बघतात, आणि नाही बोललात तर तुमच्या गप्प बसण्यातूनच ताडतात. म्हणून ज्याला गुपित राखायचं आहे त्याला थोडं तरी डिसेम्बल करावंच लागतं. मेसेज वाचून उत्तर न देणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असतं. ‘सीन’ करून गप्प राहिलात की ती गप्प राहणीच उत्तर होऊन बसते. मग आपण एक हसरा इमोजी टाकतो, ‘काही नाही गं, झोपले होते’ असं लिहितो, आणि बेकनच्या दुसऱ्या पायरीवर जाऊन पोचतो.



इंग्रजीत या शब्दाला निंदेचा वास कुठून आला? मोठा वाटा देवळाचा आहे. इंग्लंडच्या चर्चच्या प्रार्थनापुस्तकात १५५२ पासून सकाळच्या प्रार्थनेच्या सुरुवातीला एक उपदेश आहे. देवासमोर आपली पापं झाकू नका, डिसेम्बल करू नका, असं त्यात सांगितलेलं आहे. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी हे क्रियापद पापाच्या शेजारी बसलेलं ऐकलं. त्या काळाचं राजकारणही तसंच होतं. राजा किंवा राणी बदलली की देशाचा धर्म बदलायचा, आणि कालपर्यंतची प्रार्थना आज गुन्हा ठरायची. कितीतरी लोक रविवारी एका चर्चमध्ये बसायचे आणि मनात दुसऱ्याच पंथाची प्रार्थना म्हणायचे. चेहऱ्यावर काही दिसू न देणं हा त्यांच्यासाठी जिवाचा प्रश्न होता. शेक्सपिअरच्या ‘ट्वेल्थ नाइट’मध्ये फेस्टे हा विदूषक धर्मगुरूचा झगा चढवतो तेव्हा, असा झगा घालून डिसेम्बल करणारा मी काही पहिला नव्हे, अशा अर्थाची कोटी करतो. तेव्हाच्या प्रेक्षकांना ती नक्कीच झोंबली असणार.

याच काळात, १६४१ मध्ये, इटलीत तोर्क्वातो अक्चेत्तो नावाच्या एका सरदारांच्या चिटणीसाने एक छोटं पुस्तक काढलं. विषय होता ‘प्रामाणिक डिसिम्युलेशन’. पुस्तकाच्या सुरुवातीला तो म्हणतो की या विषयावर लिहायचं तर मलाही झाकून लिहावं लागलं, त्यामुळे मूळ लिखाण कापून कापून अगदी रोडावलं आहे. पुढे हे पुस्तक विस्मरणात गेलं, ते विसाव्या शतकात बेनेदेत्तो क्रोचेने पुन्हा उजेडात आणलं. अक्चेत्तोचं म्हणणं मला पटतं. दुबळ्या माणसाला सत्य टाकून देता येत नाही आणि बोलताही येत नाही, तेव्हा ते जपून ठेवण्याची एक जागा म्हणजे डिसिम्युलेशन. बेकन मोठ्यांच्या दरबारात बसून लिहीत होता. अक्चेत्तो मोठ्यांची पत्रं लिहिणारा होता. एकच क्रिया, पण ती कोण करतं यावर तिचा अर्थ बदलतो.

ही गोष्ट ज्या इंग्रजी कादंबरीत सगळ्यात स्पष्ट दिसते ती म्हणजे १८११ मध्ये प्रसिद्ध झालेली जेन ऑस्टेनची ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’.



कथा पुष्कळांना माहीत असते, निदान सिनेमामुळे. वडील गेल्यावर डॅशवुड मायलेकींना घर सोडावं लागतं. चौघींना मिळून वर्षाला ५०० पौंड. थोरली एलिनॉर संयमी, मधली मॅरिअ‍ॅन भावनांच्या भरात वाहणारी. शाळाकॉलेजात या कादंबरीचा सारांश ‘विवेक विरुद्ध भावना’ असा सांगतात, आणि एलिनॉर थंड पडते. मॅरिअ‍ॅनच्या अश्रूंपुढे तिच्याकडे बघायला कुणाला वेळ नसतो.

आता पहिल्या खंडाच्या शेवटी काय होतं ते बघा. एलिनॉरचा एडवर्डवर जीव आहे आणि त्याचाही तिच्यावर असावा असं तिला वाटतं. लूसी स्टील नावाची मुलगी तिला गाठते आणि ‘तुमच्यावर विश्वास आहे म्हणून सांगते’ असं म्हणत सांगते की एडवर्डशी आपलं चार वर्षांपूर्वीच लग्न ठरलेलं आहे, गुपचूप. पुरावा म्हणून त्याचं छोटं चित्र दाखवते, त्याचं पत्र दाखवते. त्याच्या बोटातल्या अंगठीत केसांची बट आहे, ती आपलीच म्हणून सांगते. एलिनॉर आजवर ती बट स्वतःची समजत होती. आणि हे सगळं सांगून झाल्यावर लूसी तिला गुप्ततेच्या वचनात बांधून टाकते.

या एका प्रसंगात स्टीलच्या दोन्ही बहिणी समोरासमोर उभ्या आहेत. (त्या निबंधकाराचं आणि या मुलीचं आडनाव एकच हा योगायोग असावा, पण गमतीदार आहे.) लूसीला एलिनॉरबद्दल मैत्री वाटत नाही, ती मैत्री उभी करते. हे सिम्युलेशन. एलिनॉरला दुःख झालेलं आहे. ते ती दिसू देत नाही. हे डिसिम्युलेशन. बाहेरून पाहणाऱ्याला दोघी सारख्याच दिसतील: दोन शिष्ट मुली शांतपणे बोलत चालल्या आहेत. त्यांतली एक हल्ला करते आहे आणि दुसरी हल्ला परतवते आहे, हे फक्त वाचकाला कळतं.

पुढचे चार महिने एलिनॉर हे कुणाला कळू देत नाही. आईला नाही, बहिणीला नाही. मधल्या काळात विलबीने फसवल्यामुळे मॅरिअ‍ॅन कोसळते, आणि तिला सांभाळते कोण? एलिनॉरच. तू सुखी आहेस, तुला माझं दुःख काय कळणार, असं मॅरिअ‍ॅन तिला ऐकवते. एलिनॉरच्या तोंडून एक अर्धवट उद्गार निसटतो आणि ती तो लगेच सावरते. शेवटी गुपित फुटल्यावर मॅरिअ‍ॅनला धक्का बसतो, पण त्या धक्क्यातही तिचा निष्कर्ष असा की इतकं सहज सोसता आलं त्या अर्थी तुला फारसं काही वाटलंच नसणार. तेव्हा कुठे एलिनॉर बोलते. सबंध कादंबरीत तिने काढलेला हा जवळजवळ एकमेव मोकळा श्वास आहे. ज्या बाईमुळे आपलं सगळं गेलं तिच्याच तोंडून ते पुन्हा पुन्हा, तिच्या विजयी सुरात, ऐकून घ्यावं लागलं आणि दर वेळी आपल्याला काही देणंघेणं नाही असा चेहरा ठेवावा लागला, हा त्या बोलण्याचा मथितार्थ.

डिसेम्बल या क्रियापदाचा पेच इथे आहे. हे काम जितकं चांगलं होतं तितका त्याचा पुरावा कमी उरतो. वाईट लपवणारी मुलगी सगळ्यांना दिसते आणि तिला सहानुभूती मिळते. उत्तम लपवणारीला ‘हिला काही वाटतच नाही’ हे बक्षीस मिळतं. मॅरिअ‍ॅनचा गैरसमज हा एका बहिणीचा भाबडेपणा नाही. ती एक पूर्ण विचारसरणी आहे, आणि आपल्या काळात ती जोरात आहे. जे व्यक्त झालं तेच खरं, ज्याची स्टोरी टाकली नाही ते दुःख झालंच नाही, असं मानणारे आपण सगळे मॅरिअ‍ॅनच्या बाजूचे आहोत.

ऑस्टेनच्या घरच्यांच्या आठवणीनुसार या कादंबरीचा पहिला खर्डा ‘एलिनॉर अँड मॅरिअ‍ॅन’ या नावाने, पत्ररूपात लिहिलेला होता. तो आज उपलब्ध नाही. पण मला नेहमी वाटतं की पत्रांमध्ये ही एलिनॉर शक्यच झाली नसती. जी गोष्ट कुणालाच सांगायची नाही ती पत्रात कुणाला लिहिणार? तिच्यासाठी असा निवेदक हवा जो बाहेरचा शांत चेहरा आणि आतली खळबळ दोन्ही एकाच वाक्यात पकडू शकेल. ऑस्टेनने तो घडवला. कादंबरी हा प्रकार इतका का रुजला, याची कारणं अनेक सांगतात. माझ्या मते त्यांतलं एक हे आहे: डिसेम्बल करणाऱ्या माणसाची बाजू मांडणारा साक्षीदार कादंबरीच होऊ शकते. रंगमंचावर स्वगत लागतं. कादंबरीत पात्राने तोंड उघडलं नाही तरी चालतं.

शेवटी एडवर्ड मोकळा आहे हे कळतं तेव्हा एलिनॉर जवळजवळ धावत खोलीबाहेर जाते, आणि दार लागल्यावर तिला आनंदाने रडू फुटतं. १९९५ च्या आंग लीच्या सिनेमात, ज्याची पटकथा एमा थॉम्प्सनने लिहिली आणि भूमिकाही तिनेच केली, एलिनॉर खोलीतच, एडवर्डसमोर, हुंदके देऊ लागते. प्रसंग अप्रतिम आहे, पण तो वेगळा आहे. कॅमेऱ्याला चेहरा हवा असतो. कादंबरीने तिला एक दार दिलं होतं.



ज्याला ते दार नाही अशा माणसाची कादंबरी १९८९ मध्ये काझुओ इशिगुरोने लिहिली: ‘द रिमेन्स ऑफ द डे’. तिला त्या वर्षीचं बुकर पारितोषिक मिळालं. निवेदक स्टीव्हन्स हा एका बड्या घरातला बटलर. १९२३ मध्ये मालकाच्या वाड्यात आंतरराष्ट्रीय पाहुण्यांची बैठक भरलेली आहे, वरच्या मजल्यावर स्टीव्हन्सचे वडील मरणाच्या दारात आहेत, आणि तो खाली पेले भरतो आहे. वडील गेल्याचं कळतं, तो कामाला परत येतो.

आणि मग वेगवेगळे लोक त्याला विचारतात, तू बरा आहेस ना? मालक तर म्हणतात की तू रडतोयस असं वाटतं. स्टीव्हन्स चेहरा पुसतो आणि दिवसभराच्या दगदगीवर ढकलून देतो. आपण रडत होतो हे त्याने आपल्याला, वाचकांना, सांगितलेलंच नसतं! गोष्ट प्रथमपुरुषी आहे, सांगणारा तोच आहे, तरी त्याचे अश्रू आपल्याला दुसऱ्याच्या तोंडून कळतात. एलिनॉर जगापासून लपवते पण कादंबरीपासून लपवत नाही. स्टीव्हन्स कादंबरीपासूनही लपवतो, आणि काही अंशी स्वतःपासूनही.

म्हणून मला ही दोन पुस्तकं शेजारी शेजारी ठेवायला आवडतात. एलिनॉरच्या लपवण्याला कारण आहे, मुदत आहे, आणि ज्यांना वाचवायचं आहे अशी माणसं आहेत. कारण संपल्यावर ती ते खाली ठेवते. स्टीव्हन्सने लपवण्यालाच प्रतिष्ठा मानलं, नोकरीचा गणवेश म्हणून ते अंगावर चढवलं आणि रात्रीसुद्धा उतरवलं नाही. ज्या मालकासाठी हे केलं तो नाझींच्या बाजूला वाहवत गेला होता. जिच्यावर प्रेम होतं तिला वीस वर्षांनी भेटल्यावर, आपलं काळीज त्या क्षणी फाटत होतं अशी कबुली तो एका वाक्यात देतो, पण आपल्याला, तिला नाही. तिच्याशी तो हसून, नीटनेटकं बोलतो. ढोंगी म्हणून त्याला झटकून टाकता येत नाही, कारण तो एकही भावना खोटी आणत नाही. खऱ्या भावनांवर आयुष्यभर बसून राहिलेला हा माणूस आहे.



आता भाषांतर. लूसीच्या प्रसंगानंतर एलिनॉर जे करते त्याला मराठीत काय म्हणायचं? ‘तिने ढोंग केलं’ म्हटलं तर ती लूसी होते. ‘सोंग’, ‘बतावणी’, ‘आव आणणं’, ‘नाटक करणं’ हे सगळे शब्द नसलेलं दाखवण्याचे आहेत, पेडगावच्या रस्त्यावरचे. ‘तिने सोसलं’ म्हटलं तर वाक्य गोड होतं, पण तिचं काम गायब होतं. ‘भावना दाबल्या’ हे समुपदेशकाच्या खोलीतलं वाक्य झालं. शेवटी जे चालतं ते असं: तिने चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. कळू दिलं नाही. थांगपत्ता लागू दिला नाही. ताकास तूर लागू दिली नाही. म्हणजे मराठीत हे सांगायला नकार लागतो. एखादी गोष्ट न करण्याचं हे वर्णन आहे. इंग्रजीत मात्र ते ‘करण्याचं’ क्रियापद आहे. त्याला कर्ता आहे, त्यात कौशल्य आहे, थकवा आहे.

आपल्या शब्दसाठ्यात यासाठी जणू दोनच कप्पे आहेत. लपवणारा पुरुष असेल आणि हेतू स्वार्थाचा असेल तर ‘आतल्या गाठीचा’, ‘पोटात एक ओठात एक’. लपवणारी बाई असेल आणि घरासाठी लपवत असेल तर ‘सोशिक’. पहिला शब्द शिवी आहे आणि दुसरा सत्कार. मला दुसऱ्याचीच जास्त धास्ती वाटते. सोशिक म्हणजे जमिनीसारखी, जिच्यावर काहीतरी होत राहतं. पाहुण्यांसमोर हसत पोळ्या वाढणारी, फोनवर आईला ‘मजेत आहे’ म्हणणारी बाई त्या क्षणी काहीतरी करत असते. आवाजाची पट्टी सांभाळत असते, कुठला विषय टाळायचा त्याचा हिशेब ठेवत असते, पुढचा प्रश्न येण्याआधी त्याचं उत्तर तयार करत असते. तिला ‘सोशिक’ म्हटलं की हे सगळं श्रम स्वभाव होऊन जातात. स्वभावाला कुणी सुट्टी देत नाही आणि त्याबद्दल माफीही मागत नाही.

हे नेमकं ओळखणारा शब्द संस्कृत काव्यशास्त्रात होता. नाट्यशास्त्रातल्या ३३ व्यभिचारी भावांपैकी एक आहे ‘अवहित्थ’: लाज, भीती, मानमर्यादा अशा कारणांनी मनातल्या विकाराच्या बाहेरच्या खुणा झाकणं. शास्त्रकारांनी लपवण्यालाच एक भाव मानलं, हे मला फार मोलाचं वाटतं. भासाचं म्हणून ओळखलं जाणारं ‘स्वप्नवासवदत्त’ तर या भावाचीच शाळा आहे. राजकारणासाठी वासवदत्तेला मेल्याचं नाटक करून, वेश बदलून राहावं लागतं आणि स्वतःच्याच नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाची माळ गुंफावी लागते. चौथ्या अंकात तिचे डोळे भरून येतात तेव्हा ती म्हणते की काशाच्या फुलांचा पराग डोळ्यांत गेला. थोड्याच वेळात पहिल्या बायकोच्या आठवणीने राजाच्या डोळ्यांत पाणी येतं, आणि नव्या राणीला संशय येऊ नये म्हणून विदूषक काय सांगतो? काशाच्या फुलांचा पराग डोळ्यांत गेला. एकाच बागेत, एकमेकांसाठी रडणारे नवराबायको, आणि दोघांच्या अश्रूंवर तेच पांघरूण. ‘डोळ्यात कचरा गेला’ ही सबब किती जुनी आहे ते बघा.

‘अवहित्थ’ आज कुणी बोलणार नाही आणि तो शब्द परत आणा असं माझं म्हणणंही नाही. डिसेम्बलसाठी मराठीत एक नेमका शब्द घडवला की प्रश्न सुटला, असंही नाही. पण वाचताना आणि लिहिताना ‘तिने दिसू दिलं नाही’ या वाक्यातल्या नकारामागचं काम आपण मोजायला हवं. एखाद्या कथेतली आई ‘काही बोलली नाही’ असं आलं की तिथे थांबून, ती तेव्हा काय करत होती, हे विचारायला हवं.

आणि त्या पत्रकार परिषदेतल्या वाक्याकडे पुन्हा बघायला हवं. कैदी म्हणजे असा माणूस ज्याच्याकडे बंद करायला स्वतःचं दार नाही. त्याच्या दाराची किल्ली बाहेरच्या माणसाकडे असते. त्याला दिवसरात्र बघतात, प्रश्न विचारतात, त्याचा चेहरा वाचतात. अशा माणसाने काही झाकलं तर तुरुंग चालवणाऱ्या सत्तेच्या दृष्टीने तो खोटारडा ठरणारच, कारण त्याच्या आतलंही आपल्या मालकीचं आहे असं ती सत्ता धरून चाललेली असते. ‘खरं न बोलणं’ हा तिचा अर्थ आहे. लूसीनेही एलिनॉरच्या चेहऱ्यावर तेच शोधलं होतं, आपला घाव बसल्याची खूण. एलिनॉरने ती दिली नाही. तिच्याकडे पैसा नव्हता, हक्काचं घर नव्हतं, आणि पुरुषाने विचारल्याशिवाय आपलं प्रेम बोलून दाखवायची तिच्या काळात सोय नव्हती. तिच्या ताब्यात एकच गोष्ट होती: आपलं मन कुणाला दाखवायचं आणि कुणाला नाही. ते तिने चार महिने सांभाळलं, आणि त्यासाठी ती एकदाही खोटं बोलली की नाही, हा मला त्यातला सगळ्यात कमी महत्त्वाचा प्रश्न वाटतो.